टॉवेल मऊ पण पाहिजे आणि पाणी पण प्यायला पाहिजे

सोलापूरच्या टेरी टॉवेलचं एक दुखणं आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही डाईंग मास्टर ते तुम्हाला उभ्या उभ्या सांगेल. सॉफ्टनर वाढवला की टॉवेल हाताला मस्त लागतो, दुकानात गिऱ्हाईक गालाला लावून बघतं आणि लगेच घेतं, पण घरी आंघोळ झाल्यावर अंग पुसायला घेतला की पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं, टॉवेल पाणी पीतच नाही. सॉफ्टनर कमी केला तर पाणी झकास पितो पण हाताला खरखरीत लागतो. कारण सरळ आहे, मऊपणा देणारे बरेचसे सॉफ्टनर सुताच्या तंतूवर मेणचट थर बसवतात आणि तो थर पाण्याला आत येऊ देत नाही. अमिनो सिलिकॉन जातीचा सॉफ्टनर वापरला तर हात, म्हणजे हाताला लागणारा स्पर्श, सगळ्यात भारी येतो पण पाणी पण तोच जास्त अडवतो, शिवाय पांढऱ्या मालावर तापमान जास्त झालं की पिवळटपणा येतो ते वेगळंच. पाणी न अडवणारा हायड्रोफिलिक सिलिकॉन मिळतो, पण तो महाग पडतो आणि हात तेवढा येत नाही. टंबलरमध्ये, म्हणजे वाळवायच्या फिरत्या ड्रममध्ये, जास्त वेळ फिरवला तर टॉवेलवरचे दोऱ्याचे लूप उभे राहून मऊपणा वाढतो, पण मग इंधन जळतं.

म्हणजे मऊपणा, पाणी पिणं आणि किलोमागचा खर्च, ह्या तिघी एकमेकींचे पाय ओढतात. मी संख्याशास्त्रात एमेस्सी केलेली, सध्या टॉवेलच्या एका युनिटमध्ये क्वालिटीचं बघते, आणि गेले बरेच महिने डोक्यात हाच विषय आहे म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. माझं म्हणणं थोडक्यात असं की एखाद्या रेसिपीची (कुठला सॉफ्टनर, किती डोस, टंबलर किती वेळ) ट्रायल घेऊन आपण जेव्हा "ही रेसिपी चांगली" म्हणतो तेव्हा त्या आकड्याची अनिश्चितता पण काढली पाहिजे, आणि ती शेवटी रिपोर्टच्या कोपऱ्यात प्लस-मायनस लिहून सोडून द्यायची नाही, तर कुठली रेसिपी ठेवायची, कुठली टाकायची, पुढची ट्रायल कुठं घ्यायची हे सगळं तिच्यावरूनच ठरवायचं.

आधी थोडं पॅरेटोबद्दल. विल्फ्रेडो पॅरेटो (१८४८-१९२३) हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ, त्याच्या नावानं ही कल्पना ओळखली जाते. एखादी रेसिपी दुसरीपेक्षा एकाही बाबतीत वाईट नसेल आणि निदान एका बाबतीत तरी सरस असेल तर ती दुसरीवर मात करते, मग दुसरी ठेवायचं काही कारणच नाही. ज्यांच्यावर कुणीच मात करत नाही अशा ज्या उरतात तो पॅरेटो फ्रंट. फ्रंटवरच्या रेसिपींमध्ये "बेस्ट" कुठली हे गणित सांगू शकत नाही, तिथं एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि काय सोडायचं हे मालकानं ठरवायचं, कारण हॉटेलवाल्याला माल द्यायचाय की एक्सपोर्टला हे त्यालाच माहीत.

बऱ्याच ठिकाणी हे टाळून सरळ वजनं देतात, मऊपणाला चाळीस टक्के, पाण्याला चाळीस, खर्चाला वीस, बेरीज करून जो आकडा मोठा तो पास. मला हे पटत नाही. एक तर ट्रायल घ्यायच्या आधी ती वजनं कुणालाच ठाऊक नसतात, विचारलं की मालक काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. आणि दुसरं, फ्रंटचा जो भाग आतल्या बाजूला वाकलेला असतो तिथल्या रेसिपी अशा सरळ बेरजेत कधीच वर येत नाहीत, वजनं कशीही फिरवा, त्या चांगल्या असूनही दिसणारच नाहीत. डेरिंजर आणि सुइच यांनी १९८० साली मांडलेली डिझायरेबिलिटी फंक्शनची पद्धत ह्यापेक्षा बरी आहे, तिच्यात प्रत्येक गुणाला शून्य ते एक असा पसंतीचा आकडा देऊन त्यांचा भूमितीय मध्य (गुणाकारावरून निघणारी सरासरी) काढतात, त्यामुळं एक गुण पार शून्य झाला की अख्खी रेसिपीच शून्य होते, बेरजेसारखं एकाचं पाप दुसऱ्याच्या पुण्यात झाकत नाही. पण तिथंही आधीच पसंती सांगावी लागते, आणि नेहमीच्या वापरात ती फक्त सरासरीवर चालते, सरासरी किती पक्की आहे हे ती विचारत नाही.

आता ही सरासरी येते कुठून ते बघा. पाणी पिण्याची टेस्ट म्हणजे थेंबाची टेस्ट, एएटीसीसी ह्या अमेरिकन टेक्स्टाईल संस्थेची ७९ नंबरची म्हणून जी ओळखतात ती. कापड रिंगमध्ये ताणून लावायचं, साधारण एक सेंटीमीटर वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा, आणि स्टॉपवॉच लावून बघत बसायचं. थेंब पडला की आधी चमकतो, उजेड त्याच्यावरून परत येतो, मग जसा मुरायला लागतो तशी चमक जाते, चमक गेली की घड्याळ बंद. करून बघा, चमक नक्की कधी गेली यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. थेंब लूपच्या टोकावर पडला की दोन लूपच्या मध्ये, ह्यानं पण वेळ बदलते. त्यात सुती मालाची चाचणी खरं तर वीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेच्या खोलीत व्हायला पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि हवा कोरडी ठणठणीत, त्या लॅबचा एसी बंद असला तर सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा वेगळाच येणार. मऊपणाचं तर त्याहून अवघड, चार-पाच जणांच्या हातात टॉवेल देऊन दहापैकी मार्क घ्यायचे, आणि ज्याचे हात दिवसभर पाण्यात असतात त्याला सगळंच मऊ लागतं.

पाण्याचं तर विचारूच नका. उजनीचं पाणी आलं तर एक, बोअरचं घेतलं तर दुसरं, बोअरचं पाणी जड, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं रिॲक्टिव्ह डाईचा शेड मंद पडतो, सॉफ्टनरची पकड पण बदलते. म्हणून ट्रायल मांडताना मी पाणी कुठलं होतं हा कॉलम कायम ठेवते आणि ट्रायलचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवते. सगळ्या कमी डोसच्या ट्रायल सकाळी आणि जास्त डोसच्या दुपारी असं झालं तर डोसचा परिणाम आणि उन्हाचा परिणाम कायमचा एकमेकात मिसळतो, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, तो वेगळा काढता येत नाही.

एक छोटं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी घेतलेत. समजा रेसिपी अ चा थेंब मुरायला सरासरी ४ सेकंद लागतात, ब चा ५ सेकंद. मऊपणा अ ला ७.२, ब ला ६.९. खर्च दोघींचा सारखा धरू. कागदावर बघितलं तर अ नं ब वर सरळ मात केली, दोन्हीत पुढं, ब टाकून द्या. पण समजा वेळेच्या प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकते) ०.७ सेकंद आहे आणि मऊपणाची ०.३. मग वेळेतला फरक १ सेकंद आणि त्या फरकाची त्रुटी जवळपास ०.९९, म्हणजे अ खरंच पाणी लवकर पितो याची शक्यता ८४ टक्के. मऊपणातला फरक ०.३, त्याची त्रुटी ०.४२, शक्यता ७६ टक्के. दोन्ही एकदम खरं असण्याची शक्यता, दोन्हीतल्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, ०.८४ गुणिले ०.७६ म्हणजे ६४ टक्के. जी रेसिपी आपण बिनधास्त कचऱ्यात टाकणार होतो तिच्यावर मात झालीच नसण्याची शक्यता छत्तीस टक्के आहे! आणि टॉवेलमध्ये चुका स्वतंत्र पण नसतात, एखाद्या लॉटनं सॉफ्टनर जरा जास्त उचलला की तो मऊ पण होतो आणि पाणी पण कमी पितो, म्हणजे एकीकडं नशीब साथ देतं तेव्हा दुसरीकडं दगा देतं. चुका अशा उलट दिशेनं बांधलेल्या असल्या तर ६४ चे ६० पर्यंत खाली येतात. मला वाटतं "मात केली" असं लिहिण्याऐवजी "मात केल्याची शक्यता इतकी" असं लिहायची सवय लागली तर निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

ह्यावर पहिला उपाय जुनाच आहे, तीच ट्रायल पुन्हा घ्या. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचे सर्व्हे केले तेव्हा एकाच भागात दोन स्वतंत्र टीम दोन स्वतंत्र नमुने घेऊन पाठवायची रीत बसवली, दोघांच्या आकड्यात जो फरक येतो त्यावरून मोजणाऱ्यांची चूक किती हे कळतं. थेंबाच्या टेस्टला हे जसंच्या तसं लागू होतं. एकाच टॉवेलचे तुकडे दोघांना द्यायचे, एकमेकांचे आकडे दाखवायचे नाहीत. पण एका गोष्टीचं भान पाहिजे, एकाच लॉटमधल्या टॉवेलवर दहा थेंब टाकले म्हणजे दहा ट्रायल झाल्या असं नाही, ती एकच ट्रायल दहा वेळा मोजली. बाथ (सॉफ्टनरचं पाणी) नव्यानं बांधून, सॉफ्टनर नव्यानं मोजून परत काढली तर ती दुसरी ट्रायल. लॉट-लॉटमधला फरक आणि टॉवेलच्या आतला फरक हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही काढावे लागतात.

दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. समजा दहा रेसिपी आहेत आणि खऱ्या अर्थानं दहाही अगदी सारख्या आहेत, काडीचा फरक नाही. तरी मोजमापातल्या चुकीमुळं दहा आकडे वेगवेगळे येणार आणि आपण त्यातला सगळ्यात चांगला उचलणार. चुकांचं वाटप नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, धरलं तर दहातला सगळ्यात चांगला आकडा सरासरी १.५४ प्रमाण त्रुटींनी जास्तच चांगला दिसतो. त्रुटी ०.७ सेकंद असेल तर १.०८ सेकंद फुकटचा फायदा, जो खऱ्यात कुठंच नाही. म्हणून ट्रायलमध्ये भारी दिसलेली रेसिपी मोठ्या लॉटमध्ये गेली की "थोडी बसते", आणि सगळे मशीनवर नाहीतर मास्टरवर खापर फोडतात, बिचाऱ्या मास्टरनं सगळं बरोबर केलेलं असतं. एकापेक्षा जास्त उद्दिष्टं असली की हे अजून वाढतं, कारण फ्रंटवर तेच पॉइंट बसतात ज्यांना कुठल्या ना कुठल्या बाजूला नशिबाची साथ मिळाली. म्हणजे कच्च्या आकड्यांवरून काढलेला फ्रंट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा पुढं सरकलेला असतो.

यावर मला आवडणारी पद्धत म्हणजे गॉसियन प्रोसेस, थोड्या ट्रायलवरून बाकीच्या जागांचा अंदाज काढणारं संख्याशास्त्रातलं मॉडेल. हिची एक सुरुवात सोन्याच्या खाणीतून झाली. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिगे नावाचा खाण इंजिनियर होता, त्यानं १९५१ च्या आपल्या प्रबंधात थोड्या ठिकाणच्या नमुन्यांवरून मधल्या जागी सोनं किती असेल याचा अंदाज काढायचं काम केलं, पुढं फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉननं त्याचं पक्कं गणित बसवलं आणि क्रिगेच्या नावावरून त्याला क्रिगिंग म्हणायला लागले. कल्पना अशी की जवळजवळच्या रेसिपींचे निकाल जवळजवळचे येणार. सॉफ्टनर दोन टक्क्यांवर मोजलं असेल तर सव्वादोन टक्क्यांबद्दल बऱ्यापैकी सांगता येतं, चार टक्क्यांबद्दल कमी. मॉडेल प्रत्येक जागी एक अंदाज देतं आणि त्या अंदाजाभोवती एक पट्टा देतं, जिथं ट्रायल झाल्यात तिथं पट्टा अरुंद, जिथं कुणी गेलंच नाही तिथं रुंद. शिवाय ते शेजारच्या ट्रायलकडं बघून प्रत्येक आकडा थोडा आत ओढून घेतं, त्यामुळं वर सांगितलेला फुकटचा फायदा बराचसा आपोआप कापला जातो.

पट्ट्यामध्ये दोन जातीची अनिश्चितता असते आणि ती वेगळी ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एक, आपल्याला माहिती कमी आहे म्हणून, ती ट्रायल घेतल्या की कमी होते. दुसरी, लॉट-लॉटमध्ये फरक पडतोच म्हणून, ती कितीही ट्रायल घ्या कमी होणार नाही, ती कमी करायची तर डोसिंग सुधारा, पाणी सुधारा, लॅबचा एसी चालू ठेवा. मालकाला हे सांगितल्याशिवाय पैसा कुठं घालायचा ते कळत नाही.

आता पुढची ट्रायल कुठं घ्यायची. तेव्हा कानपूर आयआयटीत असलेले कल्याणमय देब आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २००२ साली एनएसजीए-टू ही उत्क्रांतीसारखी पिढ्यान्पिढ्या सुधारत जाणारी पद्धत मांडली, बहुउद्देशीय ऑप्टिमायझेशनमध्ये आज जगभर वापरतात, आपल्याकडे बसून केलेलं काम आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या पेपरमध्ये एका वेळी शंभर उमेदवार आणि त्यांच्या अडीचशे पिढ्या आहेत, म्हणजे पंचवीस हजार वेळा मोजमाप. कॉम्प्युटरवरच्या सूत्रासाठी ठीक, पण टॉवेलच्या पंचवीस हजार ट्रायल कोण घेणार. म्हणून गॉसियन प्रोसेसला मध्ये घालायचं, ते सांगेल कुठं ट्रायल घेतली तर सगळ्यात जास्त हाती लागेल. एकाच उद्दिष्टासाठी ही कल्पना लिथुआनियाच्या योनास मोकुस यांनी सत्तरच्या दशकात मांडली, १९९८ मध्ये जोन्स, शोनलाऊ आणि वेल्च यांच्या पेपरनं ती सगळीकडं पोचली, आणि २००६ मध्ये जोशुआ नोल्स यांनी पॅरइगो नावानं ती अनेक उद्दिष्टांसाठी वळवली.

अनेक उद्दिष्टं असताना "हाती लागणं" मोजायचं कसं, तर त्यासाठी हायपरव्हॉल्यूम. नाव मोठं आहे पण दोन उद्दिष्टांना ते साधं क्षेत्रफळ. आधी एक नापास बिंदू ठरवायचा, समजा थेंब मुरायला १० सेकंद आणि मऊपणा ५, ह्याच्या अलीकडं माल घेणारच नाही कुणी. रेसिपी अ ४ सेकंद आणि ७.२, म्हणजे नापास बिंदूपासून ६ सेकंद पुढं आणि २.२ मार्क पुढं, आयताचं क्षेत्रफळ १३.२. दुसरी रेसिपी क समजा ७ सेकंद आणि ८.४, तिचा आयत ३ गुणिले ३.४ म्हणजे १०.२. दोघींचा सामाईक भाग ३ गुणिले २.२ म्हणजे ६.६, तो एकदाच धरायचा, एकूण १६.८. आता नवीन रेसिपी ड चा अंदाज आला साडेपाच सेकंद आणि ७.८. तिनं नव्यानं भर पडते १.५ गुणिले ०.६ म्हणजे ०.९. पण ड चा अंदाज पट्ट्यासकट आहे ना, नशीब चांगलं असलं आणि ती ५ सेकंद आणि ८.१ निघाली तर भर २ गुणिले ०.९ म्हणजे १.८, आणि वाईट निघून अ किंवा क च्या मागं पडली तर भर शून्य, उणे कधीच नाही. ह्या सगळ्या शक्यतांची सरासरी काढायची. ह्यामुळं एक गोष्ट छान होते, ज्या जागी अंदाज बरा आहे ती जागा वर येते, आणि ज्या जागी अंदाज मध्यम पण पट्टा रुंद आहे ती पण वर येते, कारण तिथं काहीतरी मोठं सापडायची संधी आहे.

आमच्या डाईंग मास्टरना मी हे दाखवलं तेव्हा ते बघून म्हणाले, "मॅडम, म्हणजे जिथं आपण कधी गेलो नाही तिथं बी एकदा जाऊन यायचं म्हणता की ओ." अगदी बरोबर समजले. वर त्यांनी हे पण सांगितलं की अमुक डोसच्या पुढं सॉफ्टनर बाथमध्ये फुटतो, डाग पडतात, तिकडं जाऊच नका, आणि तो भाग मी शोधातून काढून टाकला. अशी माहिती कुठल्याच मॉडेलकडं नसते, मास्टरला विचारल्याशिवाय हद्दी ठरवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

एक अडचण राहते. भर कशात पडली हे मोजायला आत्ताचा फ्रंट लागतो, आणि आत्ताचा फ्रंटच आपल्याला नक्की माहीत नाही, तो पण चुकीच्या मोजमापांवर उभा आहे. साध्या सूत्रात मोजलेले आकडे खरे धरतात, मग एखादा नशिबानं चांगला आलेला आकडा फ्रंटवर ठाण मांडून बसतो आणि त्याच्या आसपास कुणाला फिरकूच देत नाही. डॉल्टन, बालंदात आणि बक्शी यांनी २०२१ मध्ये ह्याच अडचणीसाठी पद्धत दिली, तिच्यात आत्ताचा फ्रंट पण अनिश्चित धरून सरासरी काढतात. बोटॉर्च नावाच्या मोफत पायथॉन लायब्ररीत ती तयार मिळते, साधा लॅपटॉप पुरतो. कारखान्यातल्या डेटावर काम करणाऱ्यांनी थेट हीच वापरावी.

शेवटी मालकाला दाखवायचं चित्र. माझा आग्रह आहे की फ्रंट एका रेघेत काढूच नये. बिनुआ, जिन्सबूर्जे आणि रुस्तां यांचा २०१५ चा एक सुंदर पेपर आहे, त्यात गॉसियन प्रोसेसमधून शक्य असलेले निकालाचे संपूर्ण पृष्ठभाग हजारोंनी काढायचे, प्रत्येकाचा वेगळा फ्रंट काढायचा, आणि सगळे एकावर एक ठेवायचे. मग आलेखावरच्या प्रत्येक बिंदूला विचारता येतं, इथपर्यंत पोचणं किती टक्के चित्रांमध्ये जमलं? नव्वद टक्क्यात जमलं तो भाग गडद रंगवा, दहा टक्क्यात जमलं तो फिका. रेघेऐवजी पट्टा दिसतो, कुठं जाड कुठं बारीक, आणि तो जाड जिथं आहे तिथं आपल्याला अजून काही माहीत नाही हे न शिकलेल्या माणसालाही दिसतं. एक काळजी घ्या, प्रत्येक रेसिपीचा आकडा सुटा-सुटा काढून जमणार नाही, सगळे एकत्र, एकमेकांच्या संबंधासकट काढावे लागतात, नाहीतर शेजारच्या दोन रेसिपींपैकी एक वर उडते आणि एक खाली आणि फ्रंट खोटाच पुढं सरकतो. ह्याच हजारो चित्रांतून प्रत्येक रेसिपी किती वेळा फ्रंटवर आली हे पण मोजता येतं, मालकांना हा एक टक्क्याचा आकडा लगेच समजतो.

आणि पट्टा खरं बोलतोय का ते तपासा. एक ट्रायल बाजूला ठेवायची, बाकीच्यांवर मॉडेल बसवायचं, बाजूला ठेवलेलीचा अंदाज काढायचा, आणि ती खरंच पट्ट्यात पडते का बघायचं, असं प्रत्येक ट्रायलसाठी. इथं पट्टा लॉटमधला फरक धरून काढलेला पाहिजे, नुसत्या सरासरीचा नको. पंच्याण्णव टक्क्यांचा पट्टा म्हणताय तर वीसात साधारण एक बाहेर पडणं ठीक, वीसात सहा बाहेर पडल्या तर पट्टा खोटा आहे आणि त्याच्यावर केलेलं पुढचं सगळं वाया. उलट एकही कधी बाहेर पडत नसेल, सगळ्या अगदी मधोमध पडत असतील, तर पट्टा उगाच रुंद आहे. ह्या तपासणीला दोन मिनिटं पण लागत नाहीत तरी लोक ती वगळतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग निवड. इथं अजून एक फरक लक्षात घ्यायचा, खरेदीदाराच्या हातात सरासरी पडत नाही, लॉट पडतो. समजा त्यानं ६ सेकंदाची हद्द घातली आहे. एका रेसिपीची सरासरी ५ सेकंद पण लॉट-लॉटमधलं विचलन ०.८, दुसरीची सरासरी ५.२ म्हणजे थोडी वाईट, पण विचलन ०.४. पहिलीचे शंभरातले दहा-अकरा लॉट हद्दीबाहेर जाणार, दुसरीचे दोन-तीन. सरासरी बघून पहिली घेतली असती. परत आलेल्या लॉटचं वाहतूक भाडं, परत धुणं, सगळं धरलं तर दुसरी कितीतरी स्वस्त पडते. म्हणून विचलनालाच चौथं उद्दिष्ट धरून फ्रंटमध्ये घालायला हरकत नाही, मी तसंच करते.

थांबायचं कधी हे पण ह्याच गणितातून निघतं. पुढच्या ट्रायलमधून अपेक्षित भर जर इतकी कमी झाली की बाथ, वाफ आणि मशीनचा अडकलेला वेळ यांचा खर्च निघत नाही, तर थांबा. मग फ्रंटवरच्या ज्या दोन-तीन रेसिपी मालकानं निवडल्या त्या बीकरमध्ये नाही, नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या वजनाच्या लॉटवर, एकदा उजनीच्या आणि एकदा बोअरच्या पाण्यात काढून बघायच्या, आणि मुख्य म्हणजे हे नवीन आकडे आधीच्या निवडीच्या आकड्यांत मिसळायच्या आधी वेगळे वाचायचे, कारण निवडीत नशिबाचा जो वाटा होता तो ह्यांच्यात नाही. मॉडेलनं दिलेल्या पट्ट्यात ते पडले तर रेसिपी कार्डावर सरासरी आणि पट्टा दोन्ही लिहून प्रॉडक्शनला द्या. नाही पडले तर बीकर आणि मोठं मशीन यांच्यातला फरक मॉडेलमध्ये वेगळा घालावा लागेल, सध्या मी त्याच कामात आहे, आणि कुणी लॅब डिप (बीकरमधली छोटी ट्रायल) आणि मोठ्या लॉटचे जोडीजोडीनं आकडे नीट लिहून ठेवत असेल तर मला त्यांच्याशी नक्की बोलायला आवडेल.